दसऱ्याला बोडका झालेला आपटा

विकासनगरमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या अंगणात गालिच्यासारखी हिरवळ, आमच्याकडे जंगल. विकतची हिरवळ उपटून मी अडुळसा, निर्गुडी, करवंद, आपटा अशी देशी झाडं लावली, पाखरांनी यावं म्हणून. शेजारचे गृहस्थ गेटवरून विचारायचे, "भाईसाहब, शेर कब ला रहे हैं?" मी झुकून म्हणायचो, "अर्ज़ी लगा दी है, हुज़ूर."

शेर नाही, बुलबुल आली. दसरा जवळ आला असताना तिनं आपट्यात वाटीएवढं घरटं केलं. अंडी फुटून आत तीन पिल्लं आली, म्हणजे नुसत्या चोची. मी समोर खुर्ची टाकून बसायचो, पहिल्या रांगेचं तिकीट काढल्यासारखा.

इकडे उत्तरेत बाजारात आपटा मिळत नाही. आमचं मराठी मंडळ सोनं म्हणून कचनारची, म्हणजे आपल्या कांचनाची, पानं वाटून वेळ मारून नेतं. घरटं व्हायच्या आधीच बायकोनं मंडळाच्या ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं, यंदा खरं सोनं आमच्या अंगणात, या आणि न्या!

दसऱ्याच्या दुपारी मी मिठाई आणायला जवळच्या अलीगंजला गेलो. ही आत पुऱ्या तळत होती. परत येतो तो आपटा बोडका.

"भाऊजी, घरट्याला बोटसुद्धा लावलं नाही हं!" मंडळातल्या एक वहिनी म्हणाल्या आणि माझ्याच झाडाचं सोनं माझ्या हातावर ठेवलं. मी हसून घेतलं.

मंडळी गेली. पानांचा आडोसा गेल्यामुळे घरटं उघडं पडलं होतं आणि विजेच्या तारेवर कावळा येऊन बसला होता. मी छत्री उघडून घरट्याशी उभा राहिलो. डोळे वटारले, हातवारे केले, अख्खा रावण करून दाखवला. कावळा ढिम्म. बुलबुल मात्र चोचीत किडा धरून माझ्या भीतीनं करवंदातच थांबली.

मुलगी दारातून ओरडली, "पापा, आप वहाँ खड़े रहोगे तो वो खिलाएगी कैसे?"

"आणि हटलो तर?"

पिठाच्या हातानं ही बाहेर आली. "छत्री फांदीला बांधून बघा ना," म्हणाली. बांधली. वाऱ्यानं ती फडफडली, तशी बुलबुल गेटपलीकडे उडाली. छत्री पुन्हा सोडली.

"मीच बोलावलं सगळ्यांना," ही पुटपुटली.

पिल्लांच्या चोची अजून उघड्याच होत्या. मी छत्री मिटून व्हरांड्यात सरकलो. बुलबुल करवंदाच्या शेंड्यावर परतली. कावळा तारेवरून आमच्या गेटवर उतरला.