नानांची टेंप्रानिओ

निफाडकडच्या आमच्या नानाकाकांना त्यांच्या बागेतल्या द्राक्षाचं नाव विचारलं, की ते आधी टोपी सारखी करत. मग एका दमात सांगत, "टेंप्रानिओ. हे माहेरचं. तिकडं स्पेनमधीच गाव बदललं की टिंटो फिनो, सेन्सिबेल. पोर्तुगालात टिंटा रोरीझ, नायतर अरागोनेझ. पोर एकच, सासरी नाव बदलतं."

ही नावं त्यांनी वाइनसाठी त्यांचा माल घेणाऱ्या वायनरीत आलेल्या परदेशी पाहुण्यांना गाठून गोळा केली होती. "तुमच्याकडं हिला काय म्हणतात?" हे ते खुशाल मराठीत विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत हटत नसत.

गावात मात्र त्या काळ्या, बारीक मण्यांच्या बागेचं एकच नाव होतं, दारूची बाग. काकू माळकरी. त्यांनी तिथे कधी पाऊल टाकलं नाही. हंगामाचा पहिला घड देवापुढे ठेवायचा आमच्याकडे रिवाज आहे. या बागेचा घड काकूंनी देव्हाऱ्याजवळही येऊ दिला नाही. "निघाले का माझ्या सवतीकडं?" एवढंच त्या म्हणत. नाना हसत. पण एकदा मला हळूच म्हणाले, "एकदा तरी हिनं बागेत यायला पाहिजे रे." मला फार वाईट वाटलं.

पुढे वायनरीने माल घेणं कमी केलं. नानांच्या मुलाला, विलासला, बाग तोडून खायची द्राक्षं लावायची होती. नानांनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांना तेवढीच एक काळजी होती.

पावसाळ्यात ते गेले. दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवला, तर कावळे बाभळीवरून हलेनात. "आईला सांभाळीन," विलास म्हणाला. कावळे तसेच. शेवटी काकू पुढे झाल्या. ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "टेंप्रानिओ तोडू देणार नाय. मी बघंन तिच्याकडं."

कावळा उतरला. आम्ही सगळेच रडलो.

संक्रांतीला गेलो, तर बागेच्या जागी नांगरट झालेली. विलासने माझ्याकडे पाहायचं टाळलं. परसात काकू बंब पेटवत होत्या, शेजारी वेलींची खोडं रचलेली.

मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "माझं कुणी ऐकलं नाय रे. ह्यांना मी खोटं सांगून वाटंला लावलं."

मग एक खोड उचलून त्यांनी बंबात घातलं. थोड्या वेळाने मला आंघोळीला पाणी काढून दिलं. ते मला अंगावर घेववेना.