चंद्रावतीबाईंचा अंगठा

मये गावच्या चंद्रावतीबाई एकतीस वर्षं तान्ह्या बाळांना सुया टोचत आल्या, आणि तरीही बाळांच्या आया त्यांच्यावर जीव टाकतात. बुधवारी आरोग्य केंद्रात लसीकरणाला दोन नर्सा बसल्या तरी रांग लागते ती यांच्याच टेबलापुढे. का, तर बाईंचा हात हलका. टोचण्याआधी मांडीवर त्या जागी अंगठा दाबून मनात दहा आकडे मोजायचे, एवढीच त्यांची विद्या. ती कुणी शिकवली नव्हती, पण बाईंचा तिच्यावर देवाइतका विश्वास.

त्या विद्येची परीक्षा घ्यायला पेडण्याची पल्लवी आली. नर्सिंगची मोठी पदवी घेत होती, प्रबंधाला विषय हवा होता. आयांची संमती घेऊन साठ बाळं निवडायची. तिसांना अंगठा दाबून सुई, तिसांना न दाबता. कुणाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. पल्लवी चिठ्ठी न बघता पडद्याआड बसून रडणं तेवढं मोजणार.

"सुरुवातीक धरूचा, अंगठ्यान काय एक फरक पडना नाय," पल्लवीने समजावलं. "मगे बघूचा, आमकां दिसलो तेवढो फरक निसत्या योगायोगान पडाक शकता काय. शंभरात पाच वेळांपेक्षा कमी निघाला, तर आधी धरलेला सोडून देवचा."

"म्हणजे पयली माकाच खोटी धरतलंस?"

बाईंना राग आला होता. पण पोर इतकी गोड की तो टिकेना.

पहिल्याच बुधवारी दीड महिन्याचं, ओंजळीत मावेल एवढं बाळ आलं. चिठ्ठी निघाली 'न दाबणे'. बाईंनी एकदा पडद्याकडे बघितलं आणि दाबला अंगठा. त्यानंतर येणारं प्रत्येक बाळ त्यांना तेवढंच लहान दिसायला लागलं.

दोन महिन्यांनी पल्लवी पडल्या चेहऱ्याने आली. एका गटातली बाळं सरासरी चौतीस सेकंद रडली होती, दुसऱ्यातली छत्तीस. एवढा फरक योगायोगाने सहज पडतो.

"फरक नाय असा सिद्ध झाला नाय, बाई," ती समजूत घालत म्हणाली. "पण फरक दिसलो नाय. तसाच लिवचा लागतला."

त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. देवळात कौल लावला की देवाच्या अंगावरची पाकळी उजवी पडो की डावी, ती मानायची, हे त्या जन्मभर पाळत आल्या होत्या. चिठ्ठीचा कौल मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला होता. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळतंय? पण मग अंगठा कुचकामी म्हणून कागदावर जाणार, आणि तो कागद वाचून कुठलीतरी नर्स दाबायचं सोडून देणार. हे काही त्यांना सोसेना.

"पल्लवी, गो बाय," दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मिया साठांच्या साठांक अंगठो दाबलंय."

पल्लवी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "कॉलेजातल्या मॅडमांक खरा काय ता सांगतंय. परत करूया. पण बाई, ह्या वेळार..."

"ह्या वेळार चिठ्ठी म्हणात तसा."

नवी परवानगी आली, नवी साठ बाळं आली. 'न दाबणे' निघालं की बाई डावी मूठ आवळून धरत आणि उजव्या हाताने टोचत. असं तीस वेळा. यातलं प्रत्येक रडणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

या खेपेला पल्लवी पेढे घेऊन धावत आली. दाबलेली बाळं एकोणतीस सेकंद रडली होती, न दाबलेली सत्तेचाळीस. अंगठ्यात काहीच गुण नसता, तर एवढा फरक हजारात जेमतेम दोनदा दिसला असता.

"तुमचो अंगठो खरो, बाई!"

बाईंनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. "म्हणजे ती तीस पोरां जास्त रडली ती माझ्यामुळा."

पल्लवीने आकड्यांचा कागद पुढे केला. "त्यांची नावां माझ्याकडे नाय आसत, बाई. निसते आकडे."

"नावां कित्याक? माका एकूण एक याद आसा."

पुढच्या बुधवारी त्या तिसांतलं एक बाळ दुसऱ्या डोसला आलं. बाईंनी त्याच्या मांडीवर अंगठा ठेवला आणि दहा मोजले. दहा झाले तरी अंगठा उचलला नाही. त्या मोजतच राहिल्या.