अकरानं भाग जाणारा डबा

फाटक बंद होतं. मालगाडी थांबली होती आणि समोरच्या डब्यावर लांबलचक आकडा होता, ३००६१४८६७६३.

आत्या होती तोवर माझ्या स्कूटरवर मागे बसून असले आकडे सोडायची नाही. एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा करायची. त्या सारख्या आल्या, की "अकरानं भाग जातो रे!" म्हणत माझी पाठ थोपटायची. जणू त्या अवाढव्य आकड्यानं मनातलं काही तिलाच सांगितलं होतं.

आज बेरजा मी केल्या. दोन्ही बावीस आल्या. न राहवून शेजारच्या मोटरसायकलवाल्याला म्हणालो, "याला अकरानं भाग जातो."

"मग?" तो म्हणाला.

मीही आत्याला हेच विचारायचो. ती सांगायला लागायची, तेवढ्यात फाटक उघडायचं.