उभं राहण्याची साधना

चीनमधल्या वुडांग डोंगरावर ताओ पंथाचं एक लहानसं मंदिर आहे. तिथल्या अंगणात एक वृद्ध साधिका सकाळी पाहुण्यांना नुसतं उभं राहायला शिकवते. गुडघे किंचित वाकवायचे, झाडाला मिठी मारल्यासारखे हात छातीसमोर धरायचे आणि हलायचं नाही. मी आणि माझी अडुसष्ट वर्षांची आई त्या रांगेत उभ्या राहिलो.

दहा मिनिटांत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या आणि मी खाली बसले. मग एकेक जण बसत गेला. आई मात्र तशीच उभी. धुकं उतरून तिच्या चष्म्यावर साचलं, तरी ते पुसायला तिचा हात हलला नाही.

शेवटी साधिकेनं आमच्यासोबतच्या दुभाषी मुलीकरवी विचारलं, "यांचे गुरू कोण?"

आई हसली. "गुरू कसले! नर्स होते मी. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात उभी राहिले. टेबलावर पेशंट असताना हलून कसं चालेल?"

ती ड्यूटीवरून यायची, पाय गरम पाण्यात सोडून बसायची. आम्ही त्याला थकवा म्हणायचो. साधना हा शब्द तिच्यासाठी आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

दुभाषीचं बोलणं संपल्यावर ती साधिका हात जोडून आईपुढे वाकली. आणि मी, आजूबाजूच्या अनोळखी माणसांना, मला येणाऱ्या चार चिनी शब्दांत सांगत सुटले, "ही माझी आई आहे."