कुंपणापलीकडची कुंडलिका

कॅम्पिंगची टूम आमच्या घरात माझ्या वडिलांनी काढली, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. बाबा पनवेलजवळच्या विचुंबे गावचा. शेती आणि मासेमारी करण्यात सगळा जन्म गेला, पाण्यात तो जमिनीवरच्यापेक्षा जास्त सुखात असतो. आम्ही खांदा कॉलनीत राहतो. माझी मुलगी मनवा अकरा वर्षांची, सोसायटीच्या टाकीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती पोहण्याचा क्लास करते. एका रविवारी बाबाने तो क्लास पाहिला. घरी येऊन म्हणाला, "संगे, हिला ते काय शिकवतात? पोरगी पान्याला घाबरतंय. मला एकदा नदी दे, मी शिकवतो हिला."

नदी दे! जशी काही माझ्या कपाटात ठेवलेली आहे. पण पुढच्या महिन्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि त्यानंतर नदीनाल्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे शिकवायचं तर आत्ताच. मी शोधाशोध केली आणि कोलाडजवळ कुंडलिकेच्या काठावर एक कॅम्प सापडला. जाहिरातीत लिहिलेलं होतं, 'रिव्हर टच'. फोटोत तंबू, तंबूपुढे खुर्च्या आणि खुर्च्यांपुढे पाणी. माणशी अठराशे, जेवणखाण धरून. मुलांना सवलत पाच वर्षांपर्यंतच, त्यामुळे मनवाचेही पूर्ण पैसे. भरले.

तारीख बाबाने ठरवली. कॅलेंडर उघडून बोट फिरवत म्हणाला, "अष्टमीला जाव. पानी भांगाचा असतंय." आमच्याकडे खाडीकाठची माणसं भरतीचा हिशेब तिथीवर करतात: पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं, पोरांना शिकवायला बरं. अष्टमी शनिवारी आली, मला सुट्टी होतीच, मी मान डोलावली. कोलाड समुद्रापासून बरंच आत आहे, तिथे कसली भरती नि कसला भांग, हे आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. नवरा इंजिनिअर आहे, हे मुद्दाम नमूद करते.

सकाळी सहाला निघालो. पळस्प्यापासून पुढच्या महामार्गाबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण लिहायला बसले तर ब्लॉग तिथेच संपेल. फक्त एवढंच, की जाणार असाल तर लवकर निघा, कंबरेचा पट्टा असेल तर बांधा, आणि 'काम चालू आहे' ही पाटी गंभीरपणे घेऊ नका. पाटीच्या आसपास आम्हाला काम करणारं कुणी दिसलं नाही. पेणला पोहे-चहा घेतला, नागोठण्यानंतर रस्ता जरा माणसात आला आणि साडेदहाच्या सुमारास कॅम्पवर पोहोचलो.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती नदी नव्हे, कुंपण. हिरवी जाळी, डोक्याच्या वर. जाळीच्या अलीकडे तंबू, प्लॅस्टिकचं कृत्रिम गवत, निळा फुगवलेला हौद, त्यावर कारंजं आणि दोन भलेमोठे स्पीकर. जाळीच्या पलीकडे कुंडलिका, दुथडी भरलेली आणि जोरात.

बाबा जाळीला नाक लावून उभा राहिला. "अष्टमीला एवढा पानी?"

कॅम्पचा मॅनेजर, टोपीवाला तरुण, हसला. "काका, धरणातून सोडतात सकाळी. वीज बनवतात ना वर. इथे समुद्र कुठे आलाय?"

बाबाचा चेहरा उतरला. साठ वर्षं ज्या हिशेबाने पाण्यात उतरला, तो हिशेब साडेचार तासांच्या प्रवासात रद्द. मला नवऱ्याकडे पाहून हसू येत होतं, पण बाबाकडे पाहून नाही.

"मग पाणी उतरल्यावर जाता येईल ना?" मी विचारलं.

"नदीत उतरायला सक्त मनाई आहे मॅडम. सेफ्टी."

सेफ्टी म्हटल्यावर आपण गप्प बसतो. धरणाचं पाणी सोडतात तिथे उगाच धाडस करू नये, हे मलाही कळतं. पण तेवढ्यात जाळीचं फाटक उघडलं आणि केशरी जॅकेट घातलेली सात-आठ माणसं रबरी होडीत बसायला निघाली. त्याचं वेगळं तिकीट होतं. जाहिरातीत त्याचा उल्लेख शोधूनही सापडणार नाही.

बाबाने शांतपणे विचारलं, "टिकीट काढलं का पानी बुडवत नाय का?"

मॅनेजरला दुसऱ्या पाहुण्यांकडे जायची घाई झाली.

दुपारच्या जेवणात पोपटी होती. पोपटी म्हणजे आमच्या रायगडचा थंडीतला जीव: वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून मडकं उपडं घालायचं आणि शेतात जाळ करायचा. इथल्या मडक्यात सिमला मिरची होती. पाला नव्हता. अंडी उकडून वर ठेवलेली. मी विचारलं तर वाढपी म्हणाला, "फ्यूजन आहे." मला रडावंसं वाटलं. मनवाने तीन अंडी खाल्ली, तेवढीच वसूल.

चारच्या सुमारास पाणी खरंच उतरलं. खडक वर आले, काठाला छान उथळ पाणी दिसू लागलं. होडीवाले गेले होते, फाटक उघडंच होतं. बाबा उठला, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि गेला. पाठोपाठ मनवा. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून त्याने ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. त्याच्या पिढीत पाण्यात उतरण्याआधी असं करतात.

आणि शिट्टी वाजली. फुटबॉलच्या पंचालाही लाजवेल अशी. "ओ काका! बाहेर या! बाहेर!" स्पीकरवरचं गाणं थांबवून माईकवरून. हौदातली सगळी माणसं वळून बघायला लागली. एकाने तर मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. ओंजळीतलं पाणी खाली सोडून बाबा बाहेर आला. गुडघा दुखत होता म्हणून हळू आला, त्यावरही कुणीतरी हसलं.

मी मॅनेजरला धरलं. एवढा संताप मला कधी आला होता, आठवत नाही. म्हटलं, "घोट्याएवढ्या पाण्यात कोण बुडतं? आणि नदी काय तुमच्या बापाची आहे?"

"नदी सरकारची मॅडम," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "नदीकडे जायचा रस्ता आमचा आहे."

 

बाबा खुर्चीत बसून राहिला. "घरी जाव," एवढंच बोलला. मनवा रडली. स्पीकर दहापर्यंत वाजत होता आणि तंबूत आम्ही चौघं कानावर उशा घेऊन पडलो. सकाळी नाश्ता न करताच मी सामान गाडीत टाकलं.

पण घरी गेलो नाही. फाटकाबाहेर डावीकडे वळलो आणि गावातून नदीच्या दिशेने जाणारी वाट विचारत गेलो. दगडी घाट होता, साधा, तीन-चार पायऱ्यांचा. पाणी वाढलेलं. धुण्याची बादली घेऊन एक बाई नुसतीच बसली होती. मी विचारलं, पोरीला उतरवायचं आहे, चालेल का.

"आता नको," ती म्हणाली. "जेवून या. दुपारनंतर उतरतं, मंग आमी पन धुतो. मी जरा लवकरच आले आज, घरात पावने हायत. घर त्या क्यांपाच्या मागं, आता परत कुठं जाऊ?"

"तुम्ही इतक्या लांबून येता?"

"पैले त्या क्यांपातनं वाट होती ना आमची. आता जाळी. मंग हिकडनं वळसा." तिने हे अशा सुरात सांगितलं, की मलाच जास्त राग आला.

कोलाड नाक्यावर जाऊन मच्छी थाळी खाल्ली, झकास, आणि अडीचला परत आलो. घाटावर आता पाच-सहा बायका, धुण्याची आदळआपट, आणि पाणी छातीएवढं, संथ. बाबाने घरून आणलेला तेलाचा रिकामा कॅन काढला, झाकण घट्ट केलं आणि माझ्या ओढणीने मनवाच्या पाठीला बांधला. आम्हा भावंडांना त्याने असंच शिकवलं होतं. तेव्हा पत्र्याचा डबा असायचा, पाठ सोलवटायची.

"कान पान्यात घाल," तो सांगत होता. "कान वर ठेवलास तर डोकं जड होतंय. आभाळ बघ."

मनवाने त्याच्या गळ्याला मिठी मारली, ओरबाडलं, पाणी प्यायली, इंग्रजीत नाही नाही ते बोलली. बायका धुणं थांबवून "घाल गं कान, घाल!" असं ओरडायला लागल्या. बाबाला गुडघा आठवत नव्हता. कितव्या तरी खेपेला तिचे हात सैल पडले आणि ती तरंगली. मग कॅन सोडून तरंगली. चार वाजेस्तोवर घाटापासून समोरच्या खडकापर्यंत हातपाय मारत गेली आणि आली. बाबा काठावर बसून कुडकुडत होता आणि इतका खूश होता, की मी त्याला ओरडलेच नाही.

तर व्यवहाराच्या गोष्टी. पनवेलहून जाऊन येऊन पेट्रोल धरता चौघांचे दहा हजारांवर गेले, त्यातला उपयोगी खर्च म्हणजे मच्छी थाळी. जाणार असाल तर बुकिंगच्या आधी फोन करून एकच प्रश्न विचारा: नदीत पाय बुडवता येतो का? आणि पाण्याच्या वेळा गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका, पोहणारे कितीही पट्टीचे असलात तरी. घरी येऊन मी त्या कॅम्पला एक तारा दिला आणि असं काही लिहिलं, की वाचून नवरा म्हणाला, वकील शोधून ठेवू का.

पुढच्या रविवारी जेवायला विचुंब्याला गेलो. ऑपरेशनला चार दिवस होते. जेवण झालं तशी मनवा टॉवेल घेऊन बाबापुढे उभी.

"आजोबा, चला."

"कुठं?"

"नदीवर. मागेच तर आहे. आई इथेच शिकली ना?"

बाबा पानाला चुना लावत होता, तो थांबला. "हितं नाय, बाय."

"का? कुणी नाही म्हटलंय?"

"कोनी नाय म्हटलं."

तिला पटलं नाही. मग तिला घेऊन मी आणि बाबा घरामागे उभ्या राहिलेल्या इमारतीला वळसा घालून गेलो. अडवायला कुणी नव्हतं, जाळी नव्हती, तिकीट नव्हतं. गाढी नदी काळी, फेसाळ, काठाला पिशव्यांचा थर, आणि इमारतीच्या भिंतीतून आलेला एक जाड पाइप नदीत सुटलेला. मनवाने टॉवेल नाकाला लावला.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं.

"आपनच, बाय," बाबा म्हणाला आणि पाइपाकडे पाठ करून घराकडे वळला.