हैबतरावाचा थोरला भाऊ

आपला मुलगा आपल्यामुळेच बिघडला, हे गागोद्याच्या मैनाने मनोमन धरून ठेवलं होतं. आदर्श रोह्याला कंपनीत लागला आणि वर्षभरात एकटाच बडबडू लागला. आई विष घालते असं कानात कुणी सांगतं, म्हणून जेवेना. पोटुशी असताना मैनाने ग्रहणात विळी धरली होती, असं शेजारणी म्हणाल्या. तिने तेही मान्य केलं.

रोह्याच्या डॉक्टरीणबाईंपुढे तिने आधी तेच सांगून टाकलं. "बाय, ग्रहण पाळलं नाय मी."

"ग्रहणाने स्किझोफ्रेनिया होत नाही, मावशी. आईमुळेही नाही," बाई म्हणाल्या. "एकच एक कारण सांगता येत नाही. काही अंशी तो रक्तातून येतो. जन्माच्या वेळचा त्रास, गांजा, मोठा ताण यांची भर पडते. घरात पूर्वी कुणाला होता?"

"नाय," मैना म्हणाली.

"व्हय," तिचा नवरा हैबतराव म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "माझ्या थोरल्या भावाला. जनूला."

"भावोजींना पान लागलं व्हतं ना?"

"नाय. आमच्या बाबानं बांधून ठेवलेला. दोन वर्सं. तसाच गेला."

थोरला दीर साप चावून गेला, असंच मैनाला सांगितलेलं. चोवीस नागपंचम्या तिने नागोबापुढे हात जोडले होते, आता आमच्यात कुणाला डसू नको म्हणून.

 घरी येताच तिने विचारलं, "कुठं बांधलेला?"

त्याने गोठ्यातला मधला खांब दाखवला. खांबावर छातीच्या उंचीला दोराने घासून खोल खाच पडली होती. इतक्या वर म्हशीचं दावं कुणी बांधत नाही, हे तिला आजवर सुचलंच नव्हतं.

"मला का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुझ्या बापानं पोर दिली असती काय गो?"

"आनी मी गावाचं ऐकून घेत व्हते, ते तुमी बघत बसलात!"

 

आदर्श गोळ्या घेतो. आवाज पुरते गेलेले नाहीत, पण आता तो वालाच्या शेतावर जातो. धाकट्या लेकीला, अनिताला बघायला पाहुणे आले, तेव्हा चहा यायच्या आत मैनाने दीर आणि मुलगा, दोघांचं सगळं सांगितलं. पहिले पाहुणे उठून गेले. नंतर आलेले निडी गावचे मात्र तेच ऐकूनही बसून राहिले. मुलाच्या आईने हळूच विचारलं, "गोळ्या कुठल्या डाक्टरच्या? आमच्याकडंबी एकाला..."