पहिल्या गिटारीची जागा

मंगळवारी सकाळी दादा गेला. दुपारी क्लास होता. मी मुलांच्या घरी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

आम्ही बहीणभाऊ जोडीने क्लासिकल गिटार वाजवायचो. पहिली गिटार दादाची, दुसरी माझी. शाळेच्या हॉलमध्ये सुरुवात झाली, मग पुणे, मुंबई, गोवा. अर्ध्या खुर्च्या भरल्या तरी दादा खूश असे. रिसेप्शनला बोलावणारे सिनेमाची गाणी मागत. तो हसून नाही म्हणायचा आणि पनवेलला परत येऊन क्लास घ्यायचा. आपल्या मागे काही राहिलंच तर ते या मुलांच्या हातात राहील, असं तो म्हणे.

तारा छेडायला आम्ही दोघांनीही उजव्या हाताची नखं वाढवलेली. नेरे गावची आत्या आली की तिचं सुरू व्हायचं, "एका हाताची नखं वाढवून बसलीस, भाकऱ्या कोन थापील गं?"

"आत्या, नखं माझीपन हायत. मला कधी नाय बोलत?" दादा तिच्याच बोलीत विचारायचा.

"तू थापायला बस, मंग बोलते."

तेराव्याला तीच म्हणाली, "त्याच्यासाठी वाजव जरा." मला नाही म्हणवेना. मी आमची नेहमीची रचना घेतली. तिच्यात दुसऱ्या गिटारीला खालचे सूर आहेत, आणि मध्ये बराच वेळ काहीच नाही. तिथे दादाची धून असते. मी सवयीने थांबले. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

"इसरलीस काय गं पोरी?" आत्याने हळूच विचारलं.

मी विसरले नव्हते. मला दादाचं वाजवणं ऐकू येत होतं. पण त्या खोलीत ते फक्त मलाच ऐकू येत होतं. माझ्यानंतर तेही जाणार, हे मला तेव्हा कळलं.

महिन्याभराने क्लास उघडला. कळंबोलीहून येणारी एक मुलगी दादाकडे लहानपणापासून शिकत होती. तिला मी त्याचा भाग शिकवायला घेतला. सूर कागदावर छापलेले होते. तो कुठे रेंगाळायचा, ते कागदावर नव्हतं. मी ते कधी बोटांनी वाजवलं नव्हतं, म्हणून गुणगुणून दाखवलं.

"सर इथे एवढं थांबायचे?"

"थांबायचे. मला चिडवायला."

ती हसली.

सुरुवात करताना दादा जोरात श्वास घ्यायचा, तोच आमचा इशारा. पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसलो तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. कोणीच सुरू करेना. शेवटी श्वास मी घेतला.

ती दादासारखं वाजवत नाही. काही जागा तिला साधतात, काही अजून नाही. त्या मी तिला पुन्हा पुन्हा गुणगुणून दाखवते.

मंगळवारी आणि शनिवारी क्लास असतो. पहिली गिटार ती वाजवते, दुसरी मी.